मूल कोणत्या पायरीवर आहे?

प्रगतिपुस्तक घरी आले की नजर आधी श्रेणीकडे जाते. मराठी : अ-२, गणित : ब-१. अ-२ म्हणजे शंभरपैकी ८१ ते ९० आणि ब-१ म्हणजे ७१ ते ८०, इतके बहुतेक पालकांना ठाऊक असते. मात्र दुसरीतल्या मुलीसमोर तिने कधी न पाहिलेला पाच ओळींचा मजकूर ठेवला तर तिला तो वाचता येईल का, आणि वाचून झाल्यावर त्यात काय होते ते सांगता येईल का, हे त्या श्रेणीवरून कळत नाही.

यात शाळेची लबाडी नसते. महाराष्ट्रात २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आहे. तिच्यानुसार पहिली-दुसरीत ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला आणि ३० टक्के संकलित मूल्यमापनाला असतो. तिसरी-चौथीत हे प्रमाण ६० आणि ४० असे होते. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, स्वाध्याय, वर्गकार्य वगैरे. सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन तासांच्या पेपरात मोजू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण इतक्या गोष्टींची बेरीज झाली की त्या बेरजेत वाचन दिसेनासे होते. कविता तालात म्हणणारी, वही नीटनेटकी ठेवणारी, फळ्यावरचे सुबक उतरवून घेणारी मुलगी अ-२ मिळवते. तिचे वाचन मात्र शब्दाशब्दाला अडखळत असते. तिच्या आईवडिलांना हे कळते चौथी-पाचवीत, आणि तेव्हा सगळेच विषय एकदम कच्चे झालेले असतात.

श्रेणी सांगते मुलाने किती कमावले. मानक सांगते मुलाला काय करता येते. पालकांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मागायला हवे, आणि ते मागण्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही.

मानके काय म्हणतात?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक अप्रिय गोष्ट स्पष्ट लिहिली : देशात प्राथमिक शाळेत जाणाऱ्या पाच कोटींहून अधिक मुलांना साधा मजकूर समजून वाचता येत नाही आणि अंकांची साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही, असा अंदाज आहे. त्यातून ५ जुलै २०२१ रोजी केंद्राचे ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. शाळेत ते ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ या नावानेही ओळखले जाते. शिक्षक त्याला थोडक्यात ‘एफएलएन’ म्हणतात. तीन ते नऊ वर्षांची मुले हे त्याचे क्षेत्र. २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मूल तिसरीच्या अखेरीस समजून वाचू लागावे आणि मूलभूत गणित करू लागावे, हे त्याचे उद्दिष्ट.

अभियानाने वर्षनिहाय लक्ष्ये ठरवून दिली आहेत. ती अशी :

बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचे वर्ष : अक्षरे आणि त्यांचे आवाज ओळखणे, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचणे. १० पर्यंतच्या संख्या ओळखून वाचणे. वस्तू, आकार, घटना क्रमाने लावणे.

पहिली : वयाला साजेशा अनोळखी मजकुरातली, किमान चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्ये वाचणे. ९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, सोपी बेरीज-वजाबाकी करणे.

दुसरी : मिनिटाला ४५ ते ६० शब्द, अर्थ समजून वाचणे. ९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करणे.

तिसरी : मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून वाचणे. ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणे व लिहिणे, गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडवणे.

ही यादी वाचताना तीन अटी नजरेतून सुटू देऊ नयेत. पहिली, मजकूर अनोळखी हवा. पाठ्यपुस्तकातला धडा वर्गात वीस वेळा म्हणून झालेला असतो. मूल तो पुस्तक उलटे धरूनही ‘वाचते’. दुसरी, वाचलेले समजायला हवे. तिसरी, ही लक्ष्ये वर्षाच्या अखेरीची आहेत. दुसरीत नुकत्याच गेलेल्या मुलाला जुलैमध्ये साठ शब्द वाचता येत नसतील तर त्यात काळजीचे काही नाही. मार्चमध्येही ते अक्षरांशी झटत असेल तर मात्र आहे.

मिनिटाला शब्द कशाला मोजायचे?

वाचनाला घड्याळ लावणे अनेकांना खटकते, आणि शर्यत म्हणून लावले तर खटकायलाच हवे. पण वेगामागे एक साधे कारण आहे. वाक्य समजायचे तर त्याचा शेवट वाचताना सुरुवात ध्यानात राहिली पाहिजे. दहा शब्दांचे वाक्य मिनिटाला ४५ शब्दांच्या वेगाने सुमारे तेरा सेकंदांत संपते. पंधरा शब्दांच्या वेगाने त्यालाच चाळीस सेकंद लागतात. चाळीस सेकंद एकेक अक्षर उलगडत गेलेल्या मुलाला शेवटी कर्ता कोण होता हेच आठवत नाही. सगळी शक्ती अक्षरे जुळवण्यात खर्च होते, अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून वेगाचा उपयोग एवढाच की अक्षरओळख अंगवळणी पडली आहे की नाही हे त्यावरून कळते.

इंग्रजी माध्यमातल्या चुलत भावाच्या आकड्याशी मराठी वाचणाऱ्या मुलाचा आकडा ताडून पाहणे व्यर्थ आहे. ‘येण्याआधी’, ‘घरासमोरच्या’ हे मराठीत एकेकच शब्द. इंग्रजीत त्यांना एकाहून अधिक शब्द लागतील. शिवाय लिपीची चढण वेगळी. इंग्रजी शिकणाऱ्याला सव्वीस अक्षरे पुरतात (आणि पुढे स्पेलिंग छळते). मराठी मुलाला मुळाक्षरे, प्रत्येकाची बाराखडी, मग जोडाक्षरे, त्यात रफार आणि र-कार असा मोठा पसारा आत्मसात करावा लागतो. पुढे उच्चार बहुतांशी लिहिल्याबरहुकूम असतो ही सोय, पण सुरुवातीला वेळ लागतो. म्हणूनच एनसीईआरटीने मार्च २०२२मध्ये तिसरीच्या मुलांचा ‘पायाभूत अध्ययन अभ्यास’ केला तेव्हा वीस भाषांत वाचन तपासले आणि प्रत्येक भाषेसाठी मोजमाप वेगळे ठरवले. त्या पाहणीत प्रत्येक मुलाला समोर बसवून, एकेकट्याने वाचायला लावले होते. वाचन लेखी पेपरात कळत नाही, ते ऐकावेच लागते.

याच्या उलट धोकाही आहे. वाडा (जि. पालघर) आणि कर्नाटकातील यादगीर येथे मराठी व कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करणारा ‘लिरिल’ नावाचा संशोधन प्रकल्प झाला, त्याचा अहवाल २०१७मध्ये आला. वर्गातला बहुतेक वेळ अक्षरे आणि बाराखडी घोटण्यात जातो आणि गोष्टी, गप्पा, स्वतःच्या मनचे लिहिणे यांना जागाच उरत नाही, असे चित्र त्यातून पुढे आले. घरात वारली, कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी आधीच थोडी परकी असते. त्याने अक्षरे बिनचूक वाचली तरी शब्द ओळखीचा नसेल तर अर्थ लागणार कसा? तेव्हा नुसता वेग वाढवून भागत नाही, बोलणेही वाढवावे लागते.

तिसरीच का?

राज्याच्या अभ्यासक्रमात पहिली-दुसरीत भाषा आणि गणित यांभोवतीच सगळे फिरते. तिसरीत परिसर अभ्यासाचे वेगळे पुस्तक हाती येते. गणितात शाब्दिक उदाहरणे वाढतात. इथून पुढे पुस्तके मुलाला वाचायला शिकवत नाहीत, ते वाचता येते असे धरून चालतात. चौथीच्या वर्गात शिक्षकही पाठ पुढे नेतात, कारण अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. मागे राहिलेल्याला मागची पायरी पुन्हा शिकवायला वेळापत्रकात तास नसतो.

देशभराचे चित्र कसे आहे? ‘असर’ ही पाहणी २००५पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केली जाते. ती ‘प्रथम’ या मुंबईत जन्मलेल्या संस्थेने सुरू केली. २०२४च्या पाहणीत तिसरीतल्या २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला आणि ३३.७ टक्के मुलांना वजाबाकी जमली. २०२२मध्ये, कोविडमुळे शाळा बंद राहिल्यानंतर, हेच आकडे २०.५ आणि २५.९ होते. सुधारणा झाली, तरी चारांपैकी जवळपास तीन मुले वाचनात इयत्तेच्या मागेच आहेत. आपले मूल मागे असेल तर ते एकटे नाही. पण म्हणून ते आपोआप पुढेही येणार नाही.

संख्यांचा मराठी पेच

मराठी मुलाला गणितात एक खास अडचण असते आणि ती त्याच्या हुशारीशी निगडित नाही. आपण २५ लिहिताना आधी दशक लिहितो, पण म्हणताना आधी एकक म्हणतो : पंचवीस. ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ५२ लिहिते. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाच्या घरातले नव्हे, विसाच्या घरातले; एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळायचा आणि नव्याण्णवला सोडून द्यायचा. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ अशी वाचण्याची रीत दिली गेली तेव्हा महाराष्ट्रभर खडाजंगी झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या अडचणीकडेच बोट दाखवले होते. ती रीत पटो वा न पटो, अडचण खरी आहे. ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे हे पहिलीचे लक्ष्य म्हणूनच दिसते तितके किरकोळ नाही.

एक ते शंभर घडाघडा म्हणणे आणि संख्या समजणे यांत अंतर आहे. चौतीस म्हणजे दहाचे तीन गठ्ठे आणि सुटे चार, हे मुलाच्या हातांना कळले पाहिजे. आधीच्या पिढ्या पावकी, निमकी, दिडकीपर्यंत पाढे पाठ करत. आजोबांना त्याचा सार्थ अभिमान असतो. पाठांतर वाया जात नाही, पण स्थानिक किंमत न कळता केलेले पाठांतर हातच्याच्या वजाबाकीपाशी कोलमडते.

घरच्या घरी तपासणी

दहा मिनिटे आणि एक कागद पुरे. मूल भुकेले किंवा झोपेला आलेले नसावे, भावंडे-पाहुणे भोवती नसावेत, आणि ‘परीक्षा’ हा शब्द काढू नये.

वाचनासाठी मुलाच्या पाठ्यपुस्तकाबाहेरचा मजकूर घ्या. दुसरीसाठी स्वतः चार ओळी लिहिल्या तरी चालतील. उदाहरणार्थ : ‘रात्री पाऊस पडला. सकाळी अंगणात डबके साचले. मनूने चप्पल काढली आणि दारातच ठेवली. आई म्हणाली, “आत येण्याआधी पाय धू.”’ हे एकोणीस शब्द आहेत. दुसरीच्या अखेरीच्या वेगाने त्यांना वीस-पंचवीस सेकंद लागावेत. घड्याळ तुम्ही पाहा, मुलाला दाखवू नका. मग दोन प्रश्न विचारा. ‘डबके कुठे साचले?’ याचे उत्तर मजकुरात आहे. ‘आई पाय धुवायला का म्हणाली?’ याचे उत्तर मजकुरात नाही, ते वाचून काढावे लागते. पहिले आले आणि दुसरे आले नाही, तर मूल शब्द वाचते आहे, गोष्ट वाचत नाही.

पूर्ण मजकूर जमला नाही तर एकेक पायरी खाली या : एक सोपे वाक्य, मग सुटे शब्द, मग अक्षरे. जिथे मूल न अडखळता वाचते, ती त्याची पायरी. शिक्षक याला ‘स्तर’ म्हणतात : प्रारंभिक स्तर, अक्षर स्तर, शब्द स्तर, परिच्छेद स्तर, गोष्ट स्तर. पालकांनी हेच शब्द वापरले तर शाळेतले बोलणे लवकर मुद्द्यावर येते.

गणितासाठी चार संख्या तोंडी सांगून लिहायला लावा : तेवीस, एकोणसाठ, नव्वद, तीनशे पाच. मग ५२ वजा २७ कागदावर मांडून द्या. शेवटी तेच तोंडी विचारा : ‘बावन्न रुपये होते, सत्तावीसची भाजी घेतली, किती उरले?’

चुकांकडे रागाने नव्हे, नीट पाहा. त्या बरेच सांगतात. तेवीसचे ३२ झाले तर उच्चाराचा क्रम अजून सुटलेला नाही. तीनशे पाचचे ३००५ झाले तर मूल ऐकलेले जसेच्या तसे लिहिते आहे, शतक-दशक-एककाची घरे पक्की नाहीत. ५२ वजा २७चे उत्तर ३५ आले तर त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा केला. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. अशा मुलाला आणखी वीस वजाबाक्या घालून काही साधणार नाही. दहाचा गठ्ठा सोडून सुटे कसे करायचे हे त्याला काड्या, मणी किंवा दहाच्या नोटा हाताळून कळायला हवे.

तोंडी आणि लेखी, दोन्ही का विचारायचे? अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला. तो २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. बाजारातली मुले गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब मनातल्या मनात चोख करत होती. पण त्याहून सोपी गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिली की अडत होती. शाळेत जाणाऱ्या मुलांचे नेमके उलट होते. एक येते म्हणून दुसरे येईलच असे नाही. दोन्हींमध्ये पूल बांधणे हे शाळेचे काम, आणि बाजाराची पिशवी मुलाच्या हाती देणे हे घराचे.

शाळेत काय विचारायचे?

‘आमचा अभ्यासात कसा आहे?’ या प्रश्नाला ‘बरा आहे, लक्ष द्या थोडे’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी पालकसभेत असे विचारता येईल : वाचनात तो कोणत्या स्तरावर आहे आणि हे शेवटचे कधी तपासले? अनोळखी मजकूर वाचतो का? हातच्याची वजाबाकी समजून करतो का? पुढच्या स्तरावर जाण्यासाठी वर्गात काय चालू आहे? आणि घरी आम्ही नेमके काय करू? बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत अध्ययन निष्पत्ती छापलेल्या असतात. ते पान उघडून शिक्षकांसमोर ठेवले तर बोलणे कौतुक-तक्रारीवरून कौशल्यांवर येते.

एका मुलापुरता प्रश्न नसेल, अर्धा वर्गच मागे असेल, तर तो शाळा व्यवस्थापन समितीत न्यावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार अनुदानित-सरकारी शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शौचालय आणि कुंपणभिंत यांबरोबर ‘तिसरीतली किती मुले वाचतात?’ हा विषयही तिथल्या कार्यसूचीवर यायला हवा.

स्वतः फारसे न शिकलेले पालक इथे कमी पडत नाहीत. महाराष्ट्रात शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ उपक्रमातून गावोगावी माता पालक गट उभे राहिले. शेजारच्या चार-पाच आया एकत्र येऊन मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. वाचता न येणारी आईही मुलाला रोज मोठ्याने वाचायला सांगू शकते आणि ‘मग पुढे काय झालं?’ असे विचारू शकते. वाचून कळलेले सांगायला लावणारा तो प्रश्न अर्ध्या तासाच्या शुद्धलेखनापेक्षा जास्त कामाचा आहे. गोष्ट आपल्या बोलीत सांगितली तरी चालते, किंबहुना तीच सांगावी.

वर्गात शिकवणे नियमित आहे, घरीही लक्ष आहे, तरी मूल दोन पायऱ्या मागेच राहत असेल तर आधी डोळे आणि कान तपासावेत. फळा नीट दिसत नसलेली कितीतरी मुले ‘ढ’ ठरतात. त्यानंतरही अडचण उरली तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. हा आळस नव्हे आणि त्यावर शिकवण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत.

आणि एक पथ्य. ही मानके मुलांची क्रमवारी लावण्यासाठी नाहीत. शेजारची मुलगी ७० शब्द वाचते म्हणून आपल्या मुलाला घड्याळ लावून बसवले तर तो वेगाने वाचू लागेल आणि समजून घेणे सोडून देईल. अशा मोजमापाने मानकाचा हेतूच बुडतो. आपल्या मुलाची तुलना त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या पायरीशी करावी. दिवाळीच्या सुट्टीत शब्द स्तरावर असलेला मुलगा संक्रांतीपर्यंत परिच्छेद वाचू लागला, तर श्रेणी काहीही असो, तो शिकतो आहे. तसे झाले नसेल तर वार्षिक निकालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात शाळेत जावे, कारण पहिली-दुसरीत राहिलेली पायरी भरून काढणे पाचवीपेक्षा कितीतरी सोपे असते.